सुमीच्या हातावरच्या पाच टिकल्या

सौसर, बसस्टँड

बकरी! आत्याबाई, बकरीनं चिठ्ठी खाल्ली, डॉक्टरची चिठ्ठी खाल्ली व बाई, असं मी सौसरच्या स्टँडवर बोंबलली तेव्हा पांढुर्ण्याच्या बसची शिटी वाजून गेली होती, माह्या एका हातात सुमी, दुसऱ्या हातात पिशवी, अन् ते काळी बकरी माह्यापासून चार हातावर उभी राहून कागदाचा शेवटचा कोपरा तोंडात वढून राहिली होती. निळ्या शाईचे अक्षरं मले दिसले. मग दिसले नाही.

मी धावली. बकरी धावली. बस गेली.

आता तुम्ही म्हनसान, डॉक्टरची चिठ्ठी बकरीच्या तोंडापाशी गेलीच कशी. माह्या सासूमुळं गेली. सासूले मी आत्याबाई म्हनतो. सकाळी निघताना त्यायनं बोरायसोबत खायले तिखट-मीठ बांधून घेतलं, अन् बांधायले कागद पाह्यला तर फळीवर माहीच घडी करून ठेवलेली चिठ्ठी दिसली. घरात पेपरची रद्दी होती, शेंगदान्याच्या पुड्याचे कागद होते, पन नाही, तीच पायजे. सुमीनं स्टँडवर बसून बोरं खाल्ले, तिखट-मीठ चाटलं अन् कागद फेकला. मिठाचा कागद अन् बकरी. आनखी काय होईन?

"तर काय झालं?" आत्याबाई म्हने. "कागदच खाल्ला ना. पोरीचा हात तर नाही खाल्ला."

मले रडू येऊन राहिलं होतं अन् बाजूचे दोन बुढे हसून राहिले होते. एक म्हने, "बाई, ते बकरी पोस्टमास्तरची असन, सारं वाचल्याशिवाय सोडत नाही." मी म्हनली, काका, तुमच्या नातीचा हात असता तर हसले असते का? मग मलेच वाईट वाटलं.

त्या चिठ्ठीत काय होतं ते आधी सांगतो, नाहीतर तुमाले वाटन ही बाई एका कागदासाठी येडी झाली.

मागची गोष्ट, थोडक्यात

सुमी माही पोरगी, सहा वर्षांची. कापूस वेचायच्या दिवसात मी संध्याकाळी पावशीवर वांगे चिरून राहिली होती. पावशी म्हनजे आपली उभ्या पात्याची, पायाखाली दाबून बसतो ते. सुमी धावत आली, पाय अडकला, अन् तिचा उजवा हात कोपराच्या जरासा वर, आतल्या बाजूनं, पात्यावर. पुढचं मी लिहीत नाही. पावशी माह्या पायाखाली होती, एवढं लिहितो.

जखम भरली. पन अंगठा अन् बाजूचे दोन बोटं मेल्यावानी झाले. चहाचा गरम गिलास धरला तरी तिले समजे नाही, फोड आला तेव्हा आमाले समजलं. मग नागपूरच्या डॉक्टरनं हात उघडून आतली कापलेली नस जोडली. मी म्हनली, जोडली ना, तर सुमे, हलव आता बोटं. डॉक्टर हसले.

"बाई, ही रक्ताची नस नाही. ही खबर नेणारी नस. कापली की तिचा खालचा धागा मरून जातो. पण धाग्याची नळी राहते, रिकामी. मी फक्त नळीला नळी लावून दिली. आता वरच्या टोकातून नवा धागा फुटेल आणि त्या नळीतून चालत चालत बोटापर्यंत जाईल."

मले ते नळी समजली नाही. पन परकरचा नाडा तुटून निघून गेला तरी नेफा तसाच राहते, हे कोन्या बाईले समजत नाही? नेफा जागेवर आहे, नवा नाडा वरून घालायचा आहे. मी तसं बोलली तर डॉक्टर म्हने, बरोबर, पण तुमच्या नाड्याला पिन लावून ढकलता येतं, याला कोणी ढकलत नाही. या धाग्याले डोळे नसते म्हने. टोकावर बारीकसा पंजा असते, तो पुढं चाचपडते, इकडं हात लावते, तिकडं लावते. खालच्या रिकाम्या नळीतून त्याले काही वास येते, त्या वासानं तो वळते, गुळाच्या वासानं मुंग्या येतेत तसा. वाट भेटली तर चालते. नाही भेटली तर तिथंच गोळा होऊन बसते, गाठ होते.

"किती दिवस लागन?"

"महिन्याला एक पेर. बोटाचं पेर असतं ना, तेवढं."

घरी येऊन मी सुमीच्या हातावर पेरानं मोजलं. एक वरीस! अन् तेही वाट चुकली नाही तर.

आता ते टोक कुठवर आलं हे बाहेरून कसं समजायचं? नागपूरचे डॉक्टर महिन्यातून एकदा पांढुर्ण्याच्या धर्मशाळेत येऊन तपासतेत. जानेवारीत तिथं त्यायनं सुमीच्या हातावर खालून वर टिचकी मारत नेली. कोपराच्या जरासं खाली सुमी म्हने, "अय्या, बोटात मुंग्या!" डॉक्टर म्हने, बस, टोक इथं आलं. तिथं त्यायनं निळ्या पेनानं रेघ मारली अन् कोपरापासून मोजून चिठ्ठीत लिहिलं. "माझं रजिस्टर नागपूरला असतं. चिठ्ठी जपा. रोज रेघेवर पेन फिरवा म्हणजे तुम्हालाही कळेल. पुढच्या महिन्यात मुंग्या या रेघेच्या पुढे यायला पाहिजेत, चांगलं पेरभर. नाही आल्या तर वाट बंद आहे, हात पुन्हा उघडावा लागेल."

पुन्हा उघडावा लागन. हे मी महिनाभर रोज ऐकलं, चुलीत, चक्कीत, आडाच्या चाकात.

रेघेचं काय झालं तेही सांगतो. आत्याबाई रोज पोरीले तेल चोळून आंघोळ घालतेत. दुखऱ्या हाताले जास्त तेल. मी म्हनली, रेघेले हात नोका लावू, तर म्हने, "तेल मीच चोळीन. तुह्या हातचं पाह्यलं आमी, पावशीचं." असं म्हनल्यावर तोंड उघडायले जागा राहते का? रेघ पुसे, मी पेन फिरवे. आठ दिवसानं पाह्यलं तर ते रेघ कधी वर, कधी खाली, मले स्वतःलेच समजेनासं झालं खरी कोनती. म्हनून मी सुमीले अन् आत्याबाईले घेऊन मोहगावच्या बाजारात गेली अन् गोंदनारीपाशी बसली.

हाव. गोंदून घेतलं. गोंदलेलं पुसत नाही, आत्याबाईच्या हातावरचं तुळशीचं झाड चाळीस वरीस पुसलं नाही. मी सुमीचा हात धरून टिचकी मारली, मुंग्या आल्या तिथं बोट ठेवलं अन् म्हनली, इथं एक टिकली दे.

"एक टिकली मी गोंदत नाही, बाई," गोंदनारी म्हने. "एकटी टिकली कोनाच्या हातावर पाह्यली का तू? पाच तरी पायजे."

मी म्हनली, पाच नोको, एकच पायजे, डॉक्टरचं काम आहे. ते म्हने, डॉक्टर गोंदते का मी गोंदतो? अन् तिनं सुयायचा जुडगा काजळात बुडवला. मी पाठ फिरवली. माह्याच्यानं पाहवलं नाही, पावशीपासून मले लोखंड पाहवत नाही. आत्याबाईनं सुमीले मांडीत दाबून धरलं. मी वळली तर पाच टिकल्या, एकाखाली एक, ओळीत. खरी कोनती, वरची का खालची का मधली? गोंदनारी म्हने, "सगळ्याच खऱ्या, मी खोटी टिकली देत नाही." अन् दुसरी बाई समोर घेऊन बसली.

सुमीचे बाबा घरी आले, हात पाह्यला अन् जेवले नाही. म्हने, "आपल्या लोकायनं हे सारं सोडलं. विहारात मीच भाषन देतो अन् माह्याच घरात गोंदन?" मी म्हनली, चिठ्ठी आहे ना, चिठ्ठीत माप लिहून आहे, टिकल्या फक्त मनाच्या समाधानाले.

अन् ते चिठ्ठी बकरीनं खाल्ली. आता समजलं?

पांढुर्णा

दुसरी बस दीड घंट्यानं भेटली. रस्त्यानं दोन्ही बाजूनं संत्र्याचे बगिचे, पिवळे फळं लटकून राहिलेले, सुमी खिडकीतून मोजून राहिली होती, डाव्या हातानं बोट दाखवून. उजवा मांडीवर पडलेला. मी तिच्या टिकल्या मोजून राहिली होती.

ज्यायनं पांढुर्णा पाह्यलं नाही त्यायले सांगतो. आपल्याकडं संत्रं घरात आलं तर फोडी वाटून खातो, तिथं रस्त्यावर ढीग, त्यावर माणूस पाय पसरून झोपलेला, अन् दबलेले संत्रे गाई खाऊन राहिल्या. अन् रस्ता विचारला की तिथले लोक सांगत नाही, सोबत येतेत. मले वाट आठवेना, मी एका बाईले धर्मशाळा विचारली, ते डोक्यावरचं टोपलं घेऊन आमच्यासोबत चालायले लागली, वाटेत तिच्या जावेची गोष्ट, जावेच्या बहिनीची गोष्ट, तिचं घर आलं तर म्हने "चहा घेऊन जा". मी म्हनली, बाई, डॉक्टर जाईन! ते म्हने, "डॉक्टर कुठी जाते? चहा जाते, थंडा होऊन." आत्याबाई तर ओट्यावर बसल्याही होत्या! कपबशी घेऊन! आमच्या गावात अनोळखी घरी पानी प्यायचं तर आधी आडनाव विचारतेत, चेहरा पाहतेत. इथं कोनी काही विचारलं नाही. हे चांगलं होतं, मले मान्य आहे, पन त्या दिवशी मले त्या चांगुलपनाचाही राग येऊन राहिला होता.

धर्मशाळेत खोलीले कुलूप. राखनदार झाडू मारून राहिला होता. "डॉक्टर? आत्ताच तर गेले. टेशनवर. आज बाया-बापे कमी होते."

आत्ताच! म्हनजे चहा घेतला नसता तर भेटले असते. मी आत्याबाईकडं पाह्यलं. त्या म्हने, "मले काय पाहतं, धाव."

धावली. सुमीचा डावा हात धरून. टेशनात शिरली तर गाडी उभी होती, अन् एक माणूस डब्यात चढून राहिला होता, हातात काळी बॅग, मागून टक्कल. डॉक्टरचंच टक्कल! मी ओरडली, डॉक्टरसाहेब! तो चढून आत गेला. मी सुमीले उचलून डब्यात टाकली अन् मागं चढली. गाडी हलली. खिडकीतून पाह्यलं तर आत्याबाई फलाटावर गाठोडं घेऊन उभ्या, तोंड उघडं, त्याही ओरडून राहिल्या होत्या, पन काय ते ऐकू आलं नाही. नंतर समजलं, त्या म्हनून राहिल्या होत्या, "अवं, डॉक्टर इथं आहे!"

तो माणूस वळला. बियानं विकनारा निघाला. टक्कल तेवढंच, बाकी काहीच डॉक्टरसारखं नाही. मी त्याले विचारलं, नागपूर किती वेळात येईन? तो माह्याकडं अशा नजरेनं पाहे, मी चंद्रावर जायचं विचारलं असं.

"बाई, ही गाडी इटारसीकडं चालली. नागपूर मागं राह्यलं."

सासू फलाटावर, डॉक्टर कुठं माहीत नाही, चिठ्ठी बकरीत, अन् मी चुकीच्या गाडीत. सुमी म्हने, "आई, आपन कुठी चाललो?" मी म्हनली, चूप बस. मग मनात आलं, सुमीच्या हातातल्या धाग्याचं टोक असंच असन का? समोर नळी दिसली, तोंड घुसवलं, अन् समजलं तेव्हा गाडी सुटली. डॉक्टरनं एकदा सांगतलंच होतं, कधी कधी अंगठ्याचा धागा दुसऱ्या बोटाच्या नळीत शिरते. मग मधल्या बोटाले हात लावला तर पोरगी म्हनन अंगठ्याले लावला.

तिगाव

पुढच्या टेशनवर, तिगावले, उतरली. छोटं टेशन, एक बाक, एक निंबाचं झाड. तिथला रेलवेचा माणूस झेंडी गुंडाळत आला. मी सारं एका दमात सांगतलं. तो म्हने, "परत जायची गाडी संध्याकाळशिवाय नाही. अन् नागपूरची मोठी गाडी इथं थांबत नाही, पन आज लेट आहे, पांढुर्ण्याले डॉक्टर असले तर असतीन अजून." मी म्हनली, असतीन म्हनजे? तो म्हने, "म्हनजे असतीन." रेलवेच्या लोकायले याच्यापेक्षा जास्त बोलताच येत नाही का?

त्याची घरवाली कॉटरमधून आली, पोरीचा हात पाह्यला, टिकल्या पाह्यल्या, आत गेली अन् ज्वारीची भाकर, वर लाल मिरचीचा ठेचा अन् कांदा घेऊन आली. आपल्याकडं ठेच्यात लसन जास्त, तिच्यात शेंगदाने. सुमीनं डाव्या हातानं भाकर मोडायचा प्रयत्न केला, एका हातानं मोडत नाही. मी मोडून देल्ली. त्या बाईनं तोंड फिरवून डोळे पुसले, अन् मले तिचाही राग आला. माह्या पोरीवर कायले रडतं? ते काय मेली आहे?

मग एक ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत संत्र्याच्या कलमा, ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या, पांढुर्ण्याकडं चाललेला. झेंडीवाल्यानं हात दाखवून थांबवला. ट्रॉलीत एक म्हातारे काका बसून होते, कलमा बांधनारे. मी म्हनली, काका, लवकर चाला. काका ड्रायव्हरले म्हने, "हळू चाल रे, कलमायचे डोळे हलतीन."

हळू! मले वाटलं उतरून धावत जावं.

काकायनं सुमीच्या हातावरची जखम पाह्यली. मी सांगतलं नस कापली, जोडली, आता टोक चालते. ते म्हने, "आमचंही असंच. जंबेरी लिंबाच्या खुंटाची साल फाडायची, संत्र्याचा डोळा आत बसवायचा, पट्टी बांधायची. बांधतो मी, चिकटवनारा मी नाही. आतल्या आत त्याचं तो पाहते."

"अन् नाही चिकटला तर?"

"काळा पडते. पन रोज पट्टी सोडून पाहनाऱ्याचा हमखास काळा पडते." मग सुमीच्या टिकल्यायवर बोट ठेवून म्हने, "तू लय सोडून पाहनारी दिसतं."

खरं बोलनाऱ्या माणसायले ट्रॅक्टरमध्ये जागा देऊ नये.

पांढुर्ण्याचा फलाट

फलाटावर शिरली तर काय पाहतो! बाकावर डॉक्टर बसून होते, चष्मा हातात, तोंड लाल. अन् आत्याबाई खाली बसून होत्या. खाली म्हनजे डॉक्टरच्या काळ्या बॅगेवर. पाय पसरून, पदर सावरून, घरच्या पाटावर बसावं तशा.

"आल्या!" डॉक्टर उभे राह्यले. "बाई, तुमच्या सासूबाईंना आधी उठवा. दोन तासांपासून माझ्या बॅगेवर बसल्या आहेत. आत औषधं आहेत, काच आहे!"

"काच फुटली तर मले टोचन," आत्याबाई म्हने, "तुमाले काय? गाडी लेट आहे, बॅग इथं आहे, म्हनजे डॉक्टर इथं आहे. मी शिकलेली नाही, पन एवढं समजते."

दिवसभर ज्यायचा राग करून राहिली होती त्यायचेच पाय धरावं वाटलं मले. पन त्या लगेच म्हने, "हे बावळट पोरगी टक्कल पाहून गाडीत चढली, सायेब," अन् मी पाय धरले नाही.

डॉक्टरनं चिठ्ठी मागतली. मी बकरीचं सांगतलं. मग बाही वर केली अन् टिकल्या दिसल्या, तेव्हा भडकले. फलाटावरचे सारे लोक वळून पाहायले लागले. "या हातावर गोंदलं? कोणाच्या सुया, कोणाचं काजळ? पिकला असता हात! नस जोडायला आम्ही तीन तास डोळे फोडतो आणि तुम्ही बाजारात बसून टोचून घेता! इथे माणसं उपचारासाठी येतात की—" मी मान खाली घालून ऐकलं, अन् गोंदून तीन आठवडे झाले तेवढं सांगतलं. ते चूक नव्हते. आत्याबाई मात्र म्हने, "माह्या हातावर चाळीस वरीस आहे, पिकलं नाही." डॉक्टरनं त्यायच्याकडं पाह्यलं नाही.

मग थंडे झाले. सुमीले आत्याबाईच्या मांडीत तोंड लपवायले सांगतलं, म्हनजे तिले दिसू नये. मनगटापासून टिचकी मारत वर निघाले. टक. टक. काही नाही. पाचवी टिकली, काही नाही. चौथी टिकली.

"मुंग्या," सुमी पदरातून म्हने. "बोटात."

पुन्हा खालून आले. पुन्हा चौथीवर मुंग्या. तीनदा. डॉक्टर म्हने, "ठीक. टोक चौथ्यावर आहे. आता सांगा, गोंदलं तेव्हा टोक कोणत्या टिकलीवर होतं?"

मले माहीतच नव्हतं. मी पाठ फिरवून उभी होती.

"मधली," आत्याबाई म्हने. "तिसरी. शुभ काम मधातून सुरू होते."

"तुम्ही पाहिलं?"

"पाह्यलं नाही. पन माहीत आहे."

डॉक्टरनं तिसरी अन् चौथी, दोन टिकल्यायच्या मधात करंगळीचं नख ठेवलं. तेवढीच जागा. चेहरा उतरला. "मधली असेल तर पुष्कळ कमी आहे. तीन आठवड्यांत एवढंच? मग वाट अडली आहे. मग मला उघडून पाहावं लागेल."

गाडीची घंटी झाली. दूर धूर दिसे. माह्या कानात काहीच शिरेना. उघडून. उघडून. मी म्हनली, डॉक्टरसाहेब, कोनती टिकली ते मी गोंदनारीले विचारून येतो, मोहगावले जाऊन. ते म्हने, बाई, गाडी आली.

तेवढ्यात सुमी मांडीतून तोंड काढून म्हने, "वरची."

"काय वरची?"

"सुई टोचली तवा वरच्या टिकलीलेच मुंग्या बोटात पळाल्या. खालच्या चार नुसत्या दुखल्या."

पोरीच्या हातावरची गोष्ट, अन् पोरीले कोनी विचारलंच नव्हतं. गोंदनारीनं नाही, आत्याबाईनं नाही, मी नाही. सहा वरसाच्या पोट्टीले काय समजते म्हनून.

"दुसऱ्या टिकलीला?" डॉक्टरनं हळू आवाजात विचारलं. "नीट आठव. थोड्याही मुंग्या?"

"नाही. नुसती सुई. मी आजीले चावली."

"चावली," आत्याबाई म्हने अन् मनगट दाखवलं.

डॉक्टरनं पहिली टिकली ते चौथी टिकली, आपलं अंगठ्याचं पेर ठेवून पाह्यलं. जवळजवळ भरलं. मग पहिल्यांदा हसले. खिशातून कागद काढून माप लिहिलं, एकदा नाही, दोनदा. एक कागद माह्या हातात, एक स्वतःच्या खिशात. "चाललाय धागा. वाट सापडली आहे त्याला. उघडायची गरज नाही." गाडीत चढताना वळून म्हने, "आणि बाई, पुन्हा गोंदायचं नाही. शपथ घ्या." मी सुमीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. आत्याबाईनं घेतली नाही. मी तवाच समजायले पायजे होतं.

मग आमी फलाटावर बसून आलुबोंडे खाल्ले, तिखट तर्री टाकून. आत्याबाईनं एक बोंडा कागदात बांधून घेतला. मी आधी कागद उलटून पाह्यला.

घरी

पांढुर्ण्याहून येऊन तीन आठवडे झाले. प्रौढ वर्गाच्या बाई म्हने, लिहून काढ, विहाराच्या भिंतीवर लावू, दुसऱ्या कोन्या बाईच्या पोराचं असं झालं तर तिले समजन. मी सहावी अर्धी शिकलेली, चुका असतीन. असू द्या. बकरीपासून दूर लावा म्हनजे झालं.

टिचकी मी आता रोज मारत नाही. काकायचं ऐकलं, आठ दिवसातून एकदा. कालच्या रविवारी मारली. चौथीवर मुंग्या नाही. पाचवीवर नाही. मले वाटलं, वाट बंद झाली. मग पाचवीच्याही खाली, कोऱ्या चामडीवर टिचकी पडली, अन् सुमी म्हने, "मुंग्या." अन् तिनं अंगठा हलवला का हलल्यासारखा मलेच वाटला, ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

आता टिकल्या संपल्या. पुढं सारं मनगटापर्यंत कोरं आहे, अन् पेनाची रेघ तेलात पुसते. मापाचा कागद आहे, पन तो मागच्या वेळचा, आजचं टोक त्याच्यात नाही. डॉक्टर यायले आठ दिवस. बुधवारी मोहगावचा बाजार, गोंदनारी येनार. आत्याबाईनं काल सुमीसाठी नवे काचेचे चुडे आनून ठेवले, म्हने, "बाजारात जाऊ. पोरगी एवढी धीराची, तिले पाच टिकल्या अजून पायजे." मी शपथ घेतलेली आहे. त्यायनं घेतलेली नाही. सुमी दारात बसून दोघींकडं पाहून राहिली, यावेळी मी तिले विचारलं, तर ते म्हने, "गोंदून घे ना आई. सुई दुखते, पन मुंग्या पळतेत तवा बोटं माहे वाटतेत."

बायायनो, आता तुम्हीच सांगा. तुम्ही काय केलं असतं?